वसंतातील शिकारी पक्ष्यांची गणना आणि शाळेची नोंदवही

फाल्गुन सरत आला म्हणजे भोर व वेल्हे (राजगड) तालुक्यांतील शाळा सकाळच्या भरू लागतात. खाचरांतून राब भाजण्याचे काम चालू असते, ओढे आटत आलेले असतात आणि नऊ-साडेनऊच्या सुमारास डोंगराचे उतार उन्हाने तापू लागतात. अशा वेळी शाळेच्या पटांगणात एखादा मुलगा वर बोट दाखवून "गुरुजी, घार!" असे ओरडतो. पुष्कळदा ती घारच असते. परंतु याच दिवसांत आपल्या डोक्यावरून असेही काही पक्षी जात असतात, की ज्यांचे घरटे कझाकस्तानच्या गवताळ मैदानात किंवा त्याहूनही दूर उत्तरेस असते. हिवाळा दख्खनच्या माळावर काढून ते घरी परतत असतात. या पक्ष्यांची मोजणी कशी करावी, ती शाळेने का करावी आणि तिचा अध्यापनात कसा उपयोग होतो, याचे विवेचन या लेखात केले आहे.

शिकारी पक्षी कोणते?

बाकदार चोच, अणकुचीदार नख्या व तीक्ष्ण दृष्टी ही शिकारी पक्ष्यांची लक्षणे होत. घार, शिक्रा, ससाणा, गरुड, भोवत्या, गिधाड ही या वर्गातील परिचित नावे आहेत. गिधाड स्वतः शिकार करीत नाही, मृत जनावरांवर जगते. तरीही शरीररचनेवरून व नात्याने त्याची गणना याच वर्गात होते.

या पक्ष्यांचे दोन गट मुलांना प्रथम समजावून द्यावेत. पहिला गट बारमाही रहिवाशांचा. घार, शिक्रा, कापशी, सर्पगरुड, मोरघार हे पक्षी वर्षभर आपल्याकडेच राहतात व येथेच घरटी बांधतात. दुसरा गट हिवाळी पाहुण्यांचा. भोवत्या पक्ष्याच्या काही जाती, एके ठिकाणी पंख फडफडवीत हवेत थांबणारी खरूची, धरणांच्या जलाशयात सूर मारून मासा उचलणारा ऑस्प्रे हे पाहुणे साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरपासून येऊ लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. वसंतातील मोजणीचा मुख्य विषय म्हणजे हा दुसरा गट होय.

भोवत्या हा पक्षी विशेष लक्ष देण्याजोगा आहे. नसरापूर, कापूरहोळ, किकवी या पूर्वेकडील सपाट भागातील शिवारावरून तो जमिनीलगत संथपणे घिरट्या घालीत जातो. पंख थोडे वर उचललेले, इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचे, ही त्याची खूण. टोळ, उंदीर, लहान पक्षी हे त्याचे भक्ष्य असल्यामुळे तो शेतकऱ्याचा मित्र ठरतो. भारतात उपग्रह-यंत्रे लावून सोडलेल्या काही भोवत्या पक्ष्यांचा मार्ग कझाकस्तानपर्यंत नोंदला गेला आहे. रात्री हे पक्षी गवतात जमिनीवरच एकत्र मुक्काम करतात; म्हणून माळरानावरील गवत नष्ट झाले, वणव्यात जळाले अथवा नांगराखाली गेले, तर त्यांचा निवाराच जातो.

ते सकाळी उशिरा का दिसतात?

मोठ्या पंखांच्या पक्ष्याला सतत पंख मारीत हजारो किलोमीटर जाणे परवडत नाही. ऊन तापले की जमिनीलगतची हवा गरम व हलकी होऊन वर चढू लागते. या वर जाणाऱ्या हवेत पक्षी गोल गोल फिरत उंच चढतो, मग पंख स्थिर ठेवून पुढे घसरत जातो आणि दुसऱ्या उष्ण प्रवाहात शिरून पुन्हा चढतो. या रीतीने फार थोडी शक्ती खर्चून तो दिवसभराची मजल मारतो. उष्ण हवेचा हा जिना सकाळी सातला तयार नसतो. नऊ-दहानंतर तयार होतो. म्हणून मोजणीची वेळ त्यानुसार ठरवावी लागते.

दुसरा आधार डोंगराचा. वारा कड्यावर आदळला की त्याला वर चढण्यावाचून मार्ग राहत नाही. उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून येणारा वारा कोकणाच्या बाजूने सह्याद्रीच्या भिंतीवर चढतो. वरंध घाट किंवा केळदजवळचा मढे घाट येथील कड्यांच्या माथ्यावर हा वारा अंगास जाणवतो. अशा ठिकाणी पंख न हलविता कड्याच्या धारेवरून सरकत जाणारा पक्षी पाहावयास मिळणे स्वाभाविक आहे.

मोठ्या पंखांचे पक्षी रुंद समुद्र ओलांडणे टाळतात, कारण पाण्यावर उष्ण हवेचे जोरदार प्रवाह क्वचितच निर्माण होतात. यामुळे जगात जेथे समुद्र व पर्वत यांमध्ये चिंचोळी वाट उरते, तेथे पक्ष्यांची अफाट गर्दी होते. काळ्या समुद्राच्या काठी जॉर्जिया देशातील बाटुमी येथे शरद ऋतूत दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी मोजले जातात. वसंत ऋतूत इस्राएलमधील ऐलात येथून असेच मोठे थवे जातात. आपल्या देशात हिमालयाच्या पायथ्याशी धरमशालेजवळ २००१ च्या शरदात व २००२ च्या वसंतात स्टेप गरुडांची पद्धतशीर मोजणी झाली होती.

भोर-वेल्ह्यात अशी चिंचोळी वाट नाही. येथे पक्षी विस्तृत प्रदेशावर विखरून जातात. म्हणून शेकडोंचे थवे दिसतील अशी आशा मुलांना लावू नये. तासाभरात दोन-चार पक्षी दिसतील, कित्येकदा एकही दिसणार नाही. असे असता मोजणीचा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर पुढील दोन उदाहरणांत मिळते.

दोन वह्यांची हकीकत

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हॉक माउंटन नावाचा डोंगर आहे. त्यावरून जाणाऱ्या शिकारी पक्ष्यांची पूर्वी बंदुकीने कत्तल होत असे. १९३४ साली रोझली एज या बाईंनी पुढाकार घेऊन तेथे अभयस्थान निर्माण केले आणि मॉरिस ब्राउन यांस रखवालदार नेमले. ब्राउन यांनी डोंगरावर बसून जाणारे पक्षी मोजण्यास व लिहून ठेवण्यास आरंभ केला. त्यांच्या वहीत पांढऱ्या डोक्याच्या गरुडाची पिल्ले किती व प्रौढ किती, हेही वेगळे लिहिलेले असे. १९३५ ते १९३९ या काळात मोजलेल्या या गरुडांपैकी सुमारे ४० टक्के पक्षी तरुण होते. १९५५ ते १९५९ या काळात ते प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर आले. प्रौढ पक्षी दिसत होते, परंतु पिल्ले कमी होत होती. रेचल कार्सन यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथात हे आकडे डी. डी. टी. सारख्या कीटकनाशकांच्या दुष्परिणामांचा पुरावा म्हणून मांडले. पुढे १९७२ साली अमेरिकेत डी. डी. टी. च्या शेतीतील वापरावर बंदी आली. ब्राउन यांनी मोजणी सुरू केली तेव्हा या औषधाचा शेतीत वापरही सुरू झालेला नव्हता. कोणत्या प्रश्नाचे उत्तर आपल्या वहीत मिळणार आहे, हे लिहिणाऱ्यास ठाऊक असण्याचे कारण नसते.

दुसरे उदाहरण आपल्या देशातील, राजस्थानातील भरतपूरचे. तेथील केवलादेव अभयारण्यात बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास केला. १९८७-८८ साली तेथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या घरटी करीत होत्या. १९९६ च्या सुमारास त्या १५० वर आल्या आणि २००३ पर्यंत एकही उरली नाही. जुना आकडा कागदावर होता म्हणूनच हा ऱ्हास निर्विवाद सिद्ध झाला. मग शोध सुरू झाला. जनावरांना वेदनाशामक म्हणून टोचले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते व त्याचे मूत्रपिंड निकामी करते, हे लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केले. भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. २०१५ साली माणसांसाठीच्या मोठ्या कुप्यांवर निर्बंध आले, कारण त्या जनावरांसाठी वापरल्या जात होत्या. २०२३ साली किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक ही औषधेही जनावरांसाठी बंद झाली. तथापि तोपर्यंत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एखादेच शिल्लक राहिले होते.

आता आपल्या गावांकडे पाहावे. सह्याद्रीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करीत असत. साठी-सत्तरी ओलांडलेल्या ग्रामस्थांना विचारले असता, मेलेले ढोर टाकल्यावर गिधाडे कशी जमत, याचे वर्णन ते आजही करतात. परंतु किती जमत, कोणत्या साली कमी झाली, शेवटचे गिधाड कोणी व केव्हा पाहिले, हे सांगता येत नाही. आठवण आहे, आकडा नाही. एवढा मोठा पक्षी डोळ्यांदेखत नाहीसा झाला आणि गावी त्याची एक ओळही लिहिलेली राहिली नाही, कारण तशी वही ठेवण्याची रीतच नव्हती. ती रीत पाडणे शाळेला शक्य आहे.

मोजणीची रीत

१. जागा. शाळेच्या पटांगणातील किंवा शेजारच्या उघड्या माळावरील एक जागा कायम ठरवावी. तेथून आकाशाचा मोठा भाग व निदान एक डोंगररांग दिसावी. दरवर्षी मोजणी त्याच जागेवरून करावी.

२. वेळ. मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून उन्हाळी सुटी लागेपर्यंत आठवड्यातून एक ठराविक वार घ्यावा आणि साडेनऊ ते साडेदहा असा एकच तास पाळावा. एके दिवशी अर्धा तास व दुसऱ्या दिवशी दोन तास अशी मोजणी केल्यास आकड्यांची तुलना करता येत नाही.

३. कामाची वाटणी. आकाशाचे चार दिशांप्रमाणे चार भाग पाडून प्रत्येक भागास दोन मुले नेमावीत. वरच्या इयत्तेतील मुलांनी पाहावे, खालच्या इयत्तेतील मुलांनी ताळ्याच्या खुणा कराव्यात. द्विशिक्षकी शाळेत पट लहान असल्यास दोनच भाग करावेत. दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास काम अडत नाही.

४. रेषा. शाळेवरून पूर्व-पश्चिम जाणारी एक काल्पनिक रेषा समोरच्या झाडाच्या किंवा टेकडीच्या खुणेने ठरवावी. रेषा ओलांडून उत्तरेकडे गेलेला पक्षी एका रकान्यात व दक्षिणेकडे आलेला दुसऱ्या रकान्यात लिहावा. वजाबाकी करून निव्वळ उत्तरगामी संख्या काढावी. समजा, तासाभरात ७ पक्षी उत्तरेस गेले व ३ दक्षिणेस आले, तर निव्वळ संख्या ४ होते. यामुळे तोच पक्षी पुन्हा पुन्हा मोजला जाण्याची चूक बरीच टळते. रेषा न ओलांडता घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांसाठी तिसरा रकाना ठेवावा. राब भाजताना किंवा वणवा लागला असता उडणारे किडे पकडण्यास घारी जमतात. त्या याच तिसऱ्या रकान्यात जातील व तसा शेरा लिहावा.

५. ओळख. फळ्यावर आकृत्या काढून मुलांकडून आधी सराव करून घ्यावा. घारीची शेपटी टोकास दुभंगलेली असते. ससाण्याचे पंख टोकदार असतात. शिक्र्याचे पंख आखूड व गोलसर, शेपटी लांब. तो चार-पाच वेळा पंख मारतो व मग तरंगतो. गरुडाचे पंख रुंद असून त्यांच्या टोकाची पिसे हाताच्या बोटांप्रमाणे फाकलेली दिसतात. गिधाड प्रचंड मोठे, शेपटी अगदी आखूड. खरूची व कापशी या दोघी हवेत एका जागी थांबतात. परंतु खरूची विटकरी रंगाची, तर कापशी राखी-पांढरी व खांद्यावर काळा डाग असलेली असते.

६. खात्री. नावाची खात्री नसेल तर 'अनोळखी शिकारी पक्षी' असे लिहावे. मुलाने सांगितले म्हणून, किंवा पाहुण्यांसमोर वही भरीव दिसावी म्हणून नाव लिहू नये. चुकीचे नाव एकदा वहीत गेले की पुढे ते काढता येत नाही आणि त्यामुळे शेजारच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, निरीक्षकांची संख्या, आकाशातील ढग, वाऱ्याची दिशा आणि धूर किंवा धुरके असल्यास त्याचा उल्लेख असावा. वाऱ्याची दिशा मूठभर माती उडवून किंवा चुलीच्या धुरावरून मुले सहज सांगतात.

शून्याची किंमत

मोजणीत एकही पक्षी दिसला नाही तर ती नोंद वगळण्याचा मोह होतो. ही चूक सर्वांत मोठी होय. समजा, आठ आठवड्यांत अनुक्रमे ०, २, ०, ५, ३, ०, १, १ असे पक्षी दिसले. बेरीज १२ व आठवडे ८, म्हणून सरासरी दीड. शून्याचे तीन आठवडे गाळले तर १२ भागिले ५, म्हणजे सरासरी २.४ येते. पक्षी तेवढेच असून आकडा दीडपटीहून अधिक फुगला. पुढील वर्षी दुसऱ्या गुरुजींनी शून्ये प्रामाणिकपणे लिहिली तर पक्षी घटले असा खोटा निष्कर्ष निघेल. पाचवीच्या वर्गास सरासरी शिकविताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे. 'पाहिले, पण दिसले नाही' आणि 'पाहिलेच नाही' यांतील भेद या उदाहरणातून मुलांच्या मनावर ठसतो. पहिल्यासाठी शून्य लिहावे, दुसऱ्यासाठी जागा मोकळी सोडून कारण लिहावे.

इतर विषयांशीही मोजणीची सांगड घालता येते. नकाशात भोरपासून कझाकस्तानपर्यंत दोरा लावून मुलांनी अंतर काढावे. कोणते देश व पर्वत वाटेत येतात ते लिहावे. भाषेच्या तासाला गावातील वृद्धांकडून शिकारी पक्ष्यांची स्थानिक नावे, म्हणी व गिधाडांच्या आठवणी जमवाव्यात. त्या आठवणी सांगणाऱ्याच्या वयासह वहीच्या शेवटच्या पानांवर उतरून घ्याव्यात.

सुटीतील एक पाहुणा

एप्रिलअखेर व मे महिन्यात, शाळा बंद झाल्यावर, अमूर ससाणा नावाचा कबुतराएवढा, लाल पायांचा पक्षी आफ्रिकेतून परतताना भारतावरून जातो. हा पक्षी अरबी समुद्र एका दमात ओलांडतो, कारण ससाण्याचे लांब टोकदार पंख सतत उड्डाणास योग्य असतात. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ २०१२ साली हे पक्षी हजारोंच्या संख्येने जाळ्यांत पकडून मारले जात असल्याचे उघड झाले. त्याचा बोभाटा होताच तेथील ग्रामस्थांनी शिकार न करण्याचा निर्धार केला आणि २०१३ साली ती थांबली. त्या वर्षी यंत्रे लावलेल्या तीन ससाण्यांना नागा, वोखा व पांगती अशी नावे दिली गेली. त्यांच्या प्रवासावरून भारत ओलांडून आफ्रिकेस जाणारा मार्ग स्पष्ट झाला. आपल्याजवळच रायगड जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यात चिरगावच्या ग्रामस्थांनीही गिधाडांची घरटी असलेली झाडे राखली आहेत. गावाने मनावर घेतले तर काय होते, याची ही उदाहरणे मुलांना अवश्य सांगावीत.

सावधगिरी

सूर्याकडे पाहू नये. दुर्बिणीतून तर कधीच नाही. निरीक्षकांनी सूर्याकडे पाठ करून बसावे. मुलांना कड्याच्या धारेवर नेऊ नये. त्यासाठी घाटमाथा गाठण्याची आवश्यकता नाही, पटांगण पुरेसे आहे. गडावर सहल गेली असता आग्या मोहोळाजवळ धूर, गोंगाट वा दगडफेक होऊ देऊ नये. घरट्याजवळ जाणे, अंडी वा पिल्ले हाताळणे वर्ज्य आहे. या पक्ष्यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे, हेही मुलांना सांगावे.

वही कोणाची?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा विचार केला आहे. त्यांपैकी १७८ जातींना संरक्षणाची तातडीची गरज असल्याचे त्यात म्हटले असून, मांसभक्षक पक्ष्यांची घट विशेष चिंतेची ठरली आहे. ते निरीक्षक बहुतांशी हौशी नागरिक होते. खेड्यातील शाळा या कामास कोणत्याही प्रकारे कमी नाही. उलट तिच्याजवळ एक मोठा लाभ आहे. ती एकाच जागी राहते आणि दरवर्षी तिच्यात नवे डोळे येतात. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्या वेळी येणाऱ्या पाहुण्यांची व वसंतात जाणाऱ्यांची अशी दुहेरी नोंद ठेवल्यास वर्षाचे चक्र पूर्ण होते.

एका वर्षाच्या आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. दहा वर्षांच्या आकड्यांवरून काही म्हणता येते, वीस वर्षांच्या आकड्यांवरून पुष्कळ. शिक्षकाची मात्र काही वर्षांनी बदली होते आणि त्यांच्याबरोबर अशी वही बहुधा त्यांच्या पेटीत जाते. म्हणून वहीच्या पानांवर अनुक्रमांक घालावेत, पहिल्या पानावर मोजणीची जागा व रेषा यांचा कच्चा नकाशा काढावा आणि शाळेच्या जडवस्तुसंग्रहात तिची नोंद करावी. बदलीच्या वेळी हजेरीपट व इतर दप्तराबरोबर ती नव्या शिक्षकांच्या स्वाधीन करून पोच घ्यावी. ज्या मुलाने आज शून्य लिहिले, त्याचे मूल त्याच शाळेत येईल तेव्हा ते शून्य त्याच पानावर वाचावयास मिळाले पाहिजे.